पान बावन्नवरच्या गायींचा पोळा

प्रिय ती. फिलोआत्या,

एंजलचा सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? काकांची शुगर? इकडे सगळे बरे आहेत (मी सोडून). फोन का नाही केला म्हणशील, तर काका फोन स्पीकरवर घेतात आणि हे तुमच्या सगळ्या सुपे गावाने ऐकावं असं नाहीये. म्हणून रॉबिनदादा तिकडे ड्यूटीला येताना हे पत्र तुला देईल. (दादा, तू फोडून वाचत असशील तर देव बघतोय.)

आत्या, मला तीन दिवस जेवण जात नाहीये. शलमोन आजोबांचं ते डोंगराचं पुस्तक आठवतं ना? तेच, स्विस फादरांनी पणजोबांना दिलेलं, शंभर वर्षांपूर्वीचं, तिकडच्या डोंगरातल्या लोकांच्या चित्रांचं. गवत कापणाऱ्या बायका, चीज बनवणारे म्हातारे, शेळ्या. आजोबा साबणाने हात धुऊन, पुसून, परत एकदा पुसून मगच ते उघडतात. तर आजोबा पंधरा दिवस कोल्हारला गेले आणि मी ते कपाटातून काढलं. नुसतं बघायला नाही (इथे तू आधी पाणी पी), अकोले तालुक्यातल्या डोंगरात न्यायला. माझा क्लासमेट हनुमंत तिकडचा. मला वाटलं, आपल्या डोंगरातल्या लोकांना तिकडचा डोंगर दाखवायचा आणि ते काय म्हणतात ते रेकॉर्ड करायचं. एकदम ओरिजिनल प्रोजेक्ट! फक्त मी गेले तो दिवस पोळ्याचा निघाला. (आमच्या शाळेने कधी त्याची सुट्टी दिली नाही, मला कसं कळणार?)

मी पान बावन्न उघडलं. डोंगरावरून तीन गायी उतरतायत, शिंगांना फुलं, गळ्यात ही मोठी घंटा, बाजूला गुराखी. हनुमंतची आजी बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली, "आगं बया, ह्यांचाबी पोळा हाय की!" मी इतकी खूश झाले की फोन शोधायला बॅगेत डोकं घातलं. वर काढलं तर चित्रातल्या पहिल्या गायीच्या कपाळावर हळदकुंकू आणि आजी तिच्या तोंडाला पुरणपोळी लावतेय. तुपासकट. मी किंचाळले. तर आजी मलाच रागावली, "वरडती कशाला? सणाच्या दिशी मुकं जनावर उपाशी ठिवायचं व्हय?" तेवढ्यात शेजारीण ताट घेऊन आली आणि तिने उरलेल्या दोघींना भरवलं. मग आजी आणि शेजारीण हात जोडून अशा उभ्या राहिल्या, की हे नुसतं चित्र आहे असं म्हणायची मला लाज वाटली.

घरी येऊन मी वेट वाइपने पुसलं (नको होतं). कुंकू पसरून गुराख्याच्या तोंडाला लागलं, तो आता पान खाल्लेला दिसतो. तुपाच्या डागावर पावडर टाकली, तर गुळाच्या वासाने मुंग्या आल्या. आत्ता, मी लिहितेय तेव्हा, त्यांची एक लाईन आल्प्स चढतेय. आणि रविवारी चर्चच्या प्रदर्शनात आजोबा हे पुस्तक मांडणार आहेत, बिशपसाहेबांसमोर, पान बावन्न उघडून. ते त्यांचं सगळ्यात आवडतं पान. ते ओरडले असते तर मी ऐकून घेतलं असतं गं. पण ते ओरडत नाहीत. चष्मा काढतात आणि नुसते खिडकीबाहेर बघत बसतात. मला त्याचीच भीती वाटते.

काकांना सलाम सांग. (बाकी काही सांगू नकोस.)

तुझी, हातपाय गार पडलेली,
एंजल

ता. क. पुस्तक पुसताना पान नऊ नीट बघितलं. दूध काढणाऱ्या बाईला बॉलपेनने मिशा आहेत आणि खाली 'फिलोमिना, दुसरी ब' लिहिलंय. म्हणजे तू यातून जिवंत सुटलीस! शनिवारी आजोबा यायच्या आत तू ये आणि माझ्या बाजूला उभी राहा. पान नऊचं मी कुणाला बोलणार नाही. (तू आलीस तर.)

ता. क. २. मला राहवलं नाही. पान बावन्नचा फोटो काढून आजोबांना व्हॉट्सअॅपवर पाठवला, सगळं खरं लिहून. दोन निळ्या टिक आल्या. मग किती तरी वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग एकच शब्द आला: 'निघालो.' कोल्हारहून एसटीला दोन तास लागतात. दादाने बाहेर गाडी सुरू केलीय. आत्या, पत्र वाचून झालं की घडीसुद्धा घालू नकोस, त्याच्याच गाडीवर मागे बस.