मिनीचा गोवर

प्रिय मिने,

आज तुझ्या भाचीला गोवराची लस टोचून आणली. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात ती जराशी रडली आणि थांबली. मलाच रडू आवरेना. नर्सबाई म्हणाल्या, "अहो, सुई तिला टोचली ना?" त्यांना काय सांगणार? म्हणून तुला लिहायला बसले.

आपल्या मुलुंडच्या दोन खोल्यांत गोवर आधी मी आणला, शाळेतून. आईने मला आतल्या खोलीत ठेवलं, तुला बाहेर. पण तू कुणाचं ऐकायचीस? आई नळावर गेली की आत घुसायचीस. "ताई, तुझे ठिपके मोजू?" किती बडबड गं तुझी!

मग तुला गोवर उठला. तो मावळायलाही लागला. तू स्वतःहून मागून पेज खाल्लीस, आई देवापुढे नारळ ठेवून आली. आणि दुसऱ्या दिवशी तू उठेचनास. हलवलं तर आईलाच "बाई, बाई" म्हणालीस, जणू शाळेत बसली आहेस. मग झटका आला. बाबांनी तुला उचलून रिक्षात घातलं.

हॉस्पिटलात तुझ्या पाठीतून पाणी काढलं. डॉक्टर म्हणाले, "मेंदूला सूज आलीय. गोवराच्या विषाणूने क्वचित होतं असं. घरात आणखी कुणाला झाला होता?"

मी दारातच उभी होते. आई पटकन म्हणाली, "नाही हो. बिल्डिंगमध्ये साथ आहे."

मिने, आई खोटं बोलली! तू तिकडे बेशुद्ध, आणि ती मला सांभाळत होती. तू काही परत आली नाहीस. त्यानंतर आईच्या कुशीत शिरायची मला लाजच वाटायची.

आज शेवटी तिला विचारलं, "तेव्हा खोटं का बोललीस?"

बाळाला थोपटत ती म्हणाली, "एक जात होती. दुसरीलाही कशाला जाऊ देऊ?" मग बाळाचं दुपटं सारखं करत, "तुझा काय गुन्हा गं? तापाला कुणी बोलावतं?"

पटतं गं मला. तरी मीच का बरी झाले, हे काही मनातून जात नाही. आणि तू तरी कशाला येत होतीस आत? रागावली आहेस का माझ्यावर?

खालच्या सावंतकाकू नातीला लस देऊ देत नाहीत. "गोवर म्हणजे देवी असते, तिला अडवू नये," म्हणतात. आजवर मी गप्प बसायचे. उद्या मात्र जाणार, शब्द देते तुला. त्यांच्यासमोर बसून पहिल्यांदाच तोंडाने म्हणेन, माझ्या बहिणीला गोवर माझ्याकडून लागला आणि ती गेली.

तुझीच,
ताई