मूठभर गोजी

३ मार्च, सकाळ
आजपासून नवं आयुष्य. मागचं नवं आयुष्य जानेवारीत सुरू केलं होतं, ते धरायचं नाही.

मामाच्या सुकामेव्याच्या दुकानात गोजी बेरीचं खोकं आलं. मनुकेएवढं, लाल, सुरकुतलेलं फळ. मामा म्हणाला, हे कोण घेणार? मी म्हटलं, माझ्यावर सोड. बरण्यांवरच्या पाट्या मीच लिहितो. दुकानात सायन्सचा माणूस मी एकटाच. (दीड वर्ष सायन्स. पुढचं प्रॅक्टिकलच्या सरांशी झालेल्या बाचाबाचीत राहिलं. बीकर हातातून निसटला होता, मी फेकला नव्हता.)

पाटी: 'गोजी बेरी. अठरा अमिनो अ‍ॅसिड. भरपूर लोह. डोळ्यांना वरदान. संत्र्याच्या पाचशे पट व्हिटॅमिन सी. रोज मूठभर खाऊन एक गृहस्थ अडीचशे वर्षं जगले.'

शेवटचं वाक्य मामाने बदलायला लावलं. दोनशे केले.

४ मार्च
योजना. प्रयोग स्वतःवरच. आधी रक्त तपासायचं, महिनाभर गोजी खायची, पुन्हा तपासायचं, दोन्ही रिपोर्ट बरणीशेजारी लावायचे. शास्त्रीय पद्धत. समोरच्या लॅबमध्ये रक्त ती घेते, हा निव्वळ योगायोग.

तिने दंडाला रबर बांधलं. मूठ आवळा म्हणाली. आवळली. आता सोडा म्हणाली, ते ऐकूच आलं नाही. शेवटी तिनेच एकेक बोट उघडलं. इतक्या हळुवारपणे माझ्याशी आजवर कुणी वागलेलं नाही.

५ मार्च
हिमोग्लोबिन कमी. तिने विचारलं, चक्कर वगैरे येते का? इथे आलो की येते, असं उत्तर तयार होतं. तोंडातून 'नाही' एवढंच आलं. उत्तर रात्रभर पुरलं.

९ मार्च
रागावर ताबा ठेवायचा, असं सकाळी ठरवलं. अकरापर्यंत ठेवला.

एक निवृत्त शिक्षिका आल्या. पाटी वाचली, मग खोक्यावरचा तक्ता वाचला, आणि म्हणाल्या, अरे, यात लिहिलंय तेवढं सी तर संत्र्यातही असतं, तुझं पाचशे पट आलं कुठून? मी म्हटलं, मग संत्रीच घ्या ना! त्या खरोखर शेजारच्या फळवाल्याकडे गेल्या आणि संत्री घेतली. मामा म्हणाला, सायंटिस्ट, तू नोकरीला नक्की कुठल्या दुकानात आहेस?

तक्ता पाहिला. बाईंचं बरोबर होतं. पाटी उद्या दुरुस्त करणार.

१० मार्च
पाटी राहिली. खडू सापडला नाही.

१२ मार्च
तिचे बाबा दुकानात आले! लॅबच्या जिन्याखाली त्यांची घड्याळदुरुस्तीची टपरी आहे. पाटीला नाक लावून वाचत होते. मग आवाज उतरवून विचारलं, डोळ्यांना खरंच गुण येतो का रे? बारीक स्क्रू आताशा दिसत नाहीत म्हणे. मुलीला सांगितलेलं नाही. तिला कळलं तर टपरी बंद करायला लावेल.

मी छाती पुढे काढून म्हटलं, काका, रोज मूठभर, महिन्याभरात भिंग फेकून द्याल. त्यांनी विचारलं, मी हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी घेतो, हे चालेल ना? मी म्हटलं, काका, फळ आहे ते! औषध थोडंच आहे?

घरी बोलू नका म्हणून सांगितलं. एक दिवस ती स्वतःच विचारेल, बाबांचे डोळे कुणी बरे केले? तेव्हा मी फक्त हसेन. हसणं आरशात बघून ठेवलंय.

१६ मार्च
रोज सकाळी काकांना थर्मासमधून गोजीचं गरम पाणी, वर डबीत मूठभर कोरड्या. माल मामाच्या बरणीतला. चोरी नव्हे, संशोधन. तरी बरणीचं झाकण उघडताना मान आपोआप मागे वळते. मामाला उंदराचा संशय आहे. त्याने बरणीमागे पिंजरा लावला. बोट सुजलंय. दारात सापडलं, असं सांगितलं.

२२ मार्च
काका म्हणाले, आज स्क्रू स्वच्छ दिसला. (टेबल उन्हात ओढून घेतलं होतं. पण श्रेय उन्हाला का द्यायचं?) डोस वाढवला. आता दोन मुठी.

संध्याकाळी ती जिना उतरताना थांबली. म्हणाली, तू बाबांपाशी येऊन बसतोस ना, बरं वाटतं बघून.

तू! आजवर तुम्ही होतो!

मलाही दोन मुठी.

२८ मार्च
काकांच्या बोटाला स्क्रूड्रायव्हर लागला. एवढंसं टोचलं. रक्त थांबेना. माझा रुमाल भिजला, त्यांचा भिजला. बाही वर केली तर हातावर निळे-काळे डाग. म्हणाले, आठवडाभर आहेत, कुठे आपटलं आठवत नाही. ती धावत आली, कापूस दाबून धरला आणि रिक्षा करून त्यांना दवाखान्यात घेऊन गेली.

मी टपरीवरच्या घड्याळांची राखण केली. प्रत्येकात वेगळी वेळ. त्यातली एकही बरी नव्हती.

२९ मार्च
काकांचं रक्त प्रमाणाबाहेर पातळ झालंय. डॉक्टरांनी गोळी थांबवली. असं का झालं, ते त्यांनाही कळत नाही. ती म्हणते, बाबा विसरून गोळी दोनदा घेत असणार.

फोनवर शोधलं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर गोजी खाऊ नये, रक्तस्राव होऊ शकतो, असं एका ठिकाणी लिहिलंय. दुसऱ्या ठिकाणीही. तिसरं उघडलं नाही. फोनवर लोक काय वाट्टेल ते लिहितात.

पाचशे पटसुद्धा मी फोनवरच वाचलं होतं.

३० मार्च
टपरीला कुलूप. ती दुकानात आली. डोळे लाल. म्हणाली, बाबांच्या लक्षात राहत नाही आता, टपरी विकून टाकते, घरी माझ्या नजरेसमोर तरी राहतील. मग विचारलं, तू रोज असायचास तिथे, वेगळं काही दिसलं का तुला? काही खायचे-प्यायचे का?

मी म्हटलं, नाही गं.

ती गेल्यावर मामावर ओरडलो. त्याने फक्त जेवलास का विचारलं होतं.

३१ मार्च
काकांना भेटायला घरी गेलो. खाटेवर बसून रेडिओ उगाच चालू-बंद करत होते. रिकाम्या हातांना करायला काही नव्हतं. मला बघून खूश झाले. म्हणाले, शब्द पाळलाय बरं का, पोरीला बोललो नाही. विसराळू म्हणते, म्हणू दे. आंधळा म्हणण्यापेक्षा बरं.

मग उशीखालून डबी काढली. म्हणाले, तू दिलेली अजून आहे थोडी, सकाळीच मूठभर खाल्ली, खंड नको म्हणून.

डबी हिसकावून घेतली. अक्षरशः हिसकावली, म्हाताऱ्या माणसाच्या हातातून. ओरडलो, आता एकही दाणा खायचा नाही! ते घाबरले. का रे, संपली का? असं विचारलं.

उद्या तिला सगळं सांगणार. पक्कं.

१ एप्रिल
सांगितलं नाही. आजच्या तारखेला तिला थट्टाच वाटली असती.

२ एप्रिल
दुसऱ्या तपासणीला गेलो. प्रयोगासाठी नव्हे. त्या खुर्चीत बसलं की मध्येच पळता येत नाही, म्हणून.

तिने रबर बांधलं. सुई आत गेली. नळीत रक्त यायला लागलं आणि मी बोलायला लागलो. गोजी, थर्मास, डबी, दोन मुठी, त्यांचे डोळे, घरी सांगू नका म्हटलं तेही. बाबा विसरत नाहीत, गोळी एकदाच घेतात, हे दोनदा सांगितलं.

तिची नजर नळीवरच. बाबांनी गोळीचं सांगितलं होतं? असं विचारलं. मी म्हटलं, हो. मी काय उत्तर दिलं होतं, तेही सांगितलं. फळ आहे ते.

तिने सुई काढली. कापूस दाबून धरा, म्हणाली. मग फोन घेऊन मागच्या खोलीत गेली. डॉक्टरांना सगळं नीट, क्रमाने सांगितलं. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ बाहेर आली नाही. आत नळ चालू होता.

कापूस दाबून बसलो. माझं रक्त कधीच थांबलं होतं.

५ एप्रिल
नव्या आयुष्याचा विचार डोक्यात आला. हाकलून दिला.

१० एप्रिल
काकांचं रक्त ताळ्यावर आलं. ती त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मोतीबिंदू. छोटं ऑपरेशन, मग स्क्रू दिसतील. टपरी विकायची नाही असं ठरलंय. हे मला काकांनी सांगितलं. मी माफी मागितली तर म्हणाले, अरे, मीही लपवलंच की. वर म्हणाले, पण फळ गोड होतं हं. त्याने आणखीच लाज वाटली.

मामालाही सांगितलं, उंदीर मीच. तो म्हणाला, बोट सुजलं तेव्हाच कळलं, तू कधी बोलतोस ते बघत होतो. पिंजरा माळ्यावर टाकला.

जुनी पाटी पुसली. नवी: 'गोजी बेरी. गोड, चिकट फळ. व्हिटॅमिन सी साधारण संत्र्याइतकं. रक्त पातळ करायची गोळी घेत असाल तर घेऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.'

संध्याकाळी ती माझा रिपोर्ट घेऊन आली. काउंटरवर ठेवला. म्हणाली, तुमचं हिमोग्लोबिन मागच्या वेळेपेक्षा कमी आलंय, पालेभाज्या खा, डॉक्टरांना दाखवा. मी हसलो. ते आरशातलं हसू नव्हतं. ती नवी पाटी वाचायला थांबली, शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, आणि गेली.

दोन्ही रिपोर्ट ठरल्याप्रमाणे बरणीशेजारी लावले. मामाने चष्मा चढवला. एक वाचला, दुसरा वाचला, मग बरणी उचलून मागच्या फळीवर नेऊन ठेवली.