टेसाच्या निबंधातले आजोबा

फ्रेडरिक, मेरीलँड
रविवार, २४ नोव्हेंबर २०१९

प्रिय बाबा,

तुमचा गुडघा कसा आहे? जॉन्सटाउनला बर्फ सुरू झालं असेल. पायऱ्यांवर मीठ टाकायला शेजारच्या ल्यूकला सांगा, स्वतः उतरू नका. इकडे सगळे ठीक. तुमच्या जावयाची पाठ पुन्हा धरली आहे, पण डेल कामावर जातो. टेसाला भूमितीत 'ए' मिळाला, रसायनशास्त्रात 'बी'. तिची बस पहाटे पावणेसहाला असते.

नातीची शाळा बघायला यायचंय, असं तुम्ही दोनदा म्हणालात. सप्टेंबरात मी सांगितलं, आजी-आजोबांच्या दिवसाला फार गर्दी असते. ऑक्टोबरात तुमच्या गुडघ्याचं कारण काढलं. दोन्ही वेळा खोटं बोलले. खरं काय ते लिहायला बसले आहे. आधी गमतीत लिहून पाहिलं, म्हणजे तुम्ही हसाल आणि मी सुटेन. जमलं नाही.

गेल्या वर्षी टेसा आठवीत असताना तिच्या गणिताच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, की जिल्ह्याच्या गणित-विज्ञान शाळेची प्रवेश परीक्षा हिने द्यावी. जागा शंभर, अर्ज आठशे. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. टेसाला घराजवळच्या शाळेत जायचं होतं. तिथे बँड आहे, आणि तिची मैत्रीण मिराबेल. तुम्ही फोनवर म्हणालात, "नोरीन, शाळा चांगली आहे हे कळलं. पोरीला काय वाटतं ते सांग की." मी म्हटलं, "एवढ्याशा पोरीला काय कळतंय!" आणि फोन ठेवला.

परीक्षा तिने स्वतः दिली, चांगली दिली. राहिला निबंध: या शाळेत का यायचं आहे? टेसाने तीन ओळी लिहिल्या होत्या. 'मला गणित येतं. मी इथे यावं अशी आईची इच्छा आहे. माझी आहे की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.' अर्जाच्या शेवटच्या दिवशी ती क्लॅरिनेट घेऊन बँडच्या सरावाला गेली, तेव्हा मी त्या ओळी पुसल्या आणि स्वतः लिहू लागले.

तुमच्याबद्दल लिहिलं, बाबा. पोलादाच्या गिरणीतलं तुमचं लेथ मशीन, आणि मी नऊ वर्षांची असताना तुम्ही मला केसाची जाडी मोजायला शिकवलंत तो शनिवार. फक्त माझ्या जागी टेसाला घातलं. इतकं छान जमत गेलं की मला थांबवेना. शेवटही तसाच जोरदार हवा होता, म्हणून त्यात मी तुम्हाला मारून टाकलं. इस्पितळाच्या खाटेवर, फुप्फुसाच्या आजाराने. टेसाचा हात धरून तुम्ही म्हणता, "मोजत राहा, पोरी." असं तुम्ही जन्मात बोलणार नाही. त्या संध्याकाळी तुम्ही तिकडे टीव्हीसमोर बसून हॉकीच्या पंचांना शिव्या घालत असाल.

टेसाला एवढंच सांगितलं, "थोडं नीटनेटकं करून पाठवलंय." एप्रिलमध्ये निवड झाल्याचं पत्र आलं. डेलने केक आणला. तिने एक तुकडा खाल्ला आणि मिराबेलला फोन करायला वर गेली.

सात तारखेला शाळेत सभा होती. आपल्या मुलाला ही शाळा मानवेल का, हे बघायला तीनेकशे पालक आले होते. टेसा इतर मुलांबरोबर मंचावर होती. प्रवेशाचं काम बघणाऱ्या मिसेस टॉलिव्हर म्हणाल्या, "तिला कल्पना नाहीये, पण आज मी आमच्या टेसाचा निबंध वाचणार आहे."

टेसाने तो पहिल्यांदाच ऐकला. खाटेचा प्रसंग आला तशी माझ्या शेजारची बाई डोळे पुसू लागली. टेसाने गर्दीतून मला शोधून काढलं आणि माझ्याकडे बघत राहिली. ओळख पटत नसल्यासारखी. मग टाळ्या झाल्या. मिसेस टॉलिव्हरनी तिला जवळ घेतलं. "आजोबांची फार आठवण येत असेल, नाही?"

मी उठून बोलायला हवं होतं. मी बसून राहिले. बाबा, मी टाळ्याही वाजवल्या.

टेसा म्हणाली, "हो. थँक यू."

गाडीत तिने विचारलं, "आजोबांना माहीत आहे का, ते वारलेत ते?"

"नाही."

"म्हणून त्यांना शाळेत येऊ देत नाहीस."

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं आणि तिचं नाव काढून घ्यायच्या कागदावर सही करून आले. वाटलं, फिटलं. घरी येऊन तिला सांगितलं, तर ती ओरडलीच. "परत? परत मला न विचारता?"

"मला वाटलं, तुला तिथे राहायचंच नाही."

"मला बस आवडत नाही. जेवताना शेजारी कुणी नसतं. पण रसायनशास्त्राचे सर आवडतात, आणि प्रयोगशाळेत मी पाच वाजेपर्यंत थांबते ते मला कुणी सांगितलं म्हणून नाही. तू कधी विचारलंस?"

नव्हतं विचारलं.

मंगळवारी ती एकटीच मुख्याध्यापकांकडे गेली. मिसेस टॉलिव्हरनाही भेटली आणि म्हणाली, "माझे आजोबा जिवंत आहेत. सॉरी." मी करायचं काम तिने केलं. तिने नवा निबंध लिहिला, मला दाखवला नाही. काल पत्र आलं. परीक्षेतले गुण तिचे होते, म्हणून जागा राहिली. ती म्हणते, "जूनपर्यंत बघते. मग ठरवीन." मी "बरं" म्हटलं.

तुम्हाला ती स्वतःच फोन करून सांगणार होती. मी म्हटलं, एवढं तरी मला करू दे.

गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला आम्ही येतो आहोत. नको असेल तर डेलला फोन करा, मी घरी थांबेन, ते दोघं येतील. आणि एक मागते. तुम्ही लगेच "जाऊ दे गं" म्हणाल, तशी तुमची सवय आहे. या वेळी म्हणू नका.

हे पत्र स्वतःच्या नावाने,
तुमची मुलगी
नोरीन