पांढऱ्या डोळ्यांचा नवरदेव

महानगर, लखनौ
मार्च १९९४, होळीची सुट्टी

युनिव्हर्सिटी होळीसाठी बंद, म्हणून झूलॉजीच्या प्रॅक्टिकलच्या फळमाश्यांची बाटली घरी आणली. आईचं सकाळपासून चालूच, “मी जन्मभर माश्या हाकलल्या आणि ही पाळतेय!”

संध्याकाळी बाटलीचा कापसाचा बोळा सैल राहिला आणि नेमका पांढऱ्या डोळ्यांचा नर उडाला. सुट्टीनंतर त्याचंच लाल डोळ्यांच्या मादीशी लग्न लावायचं होतं. आता मॅडमना काय सांगू? इतकी कशी मी वेंधळी? धाकटा भाऊ म्हणतो, “दीदी, दूसरी पकड़ लो यार!” पांढरे डोळे काय घराजवळच्या कपूरथला बाजारात मिळतात?

रडवेली होऊन स्वयंपाकघरात गेले, तर आई केळ्यांपाशी गुंडाळलेलं वर्तमानपत्र उगारून तशीच उभी.

“अगं, भिंग आण लवकर! मारू, की हा आपला नवरदेव आहे?”