घासलेली कड

करी रोड,
रविवार, ३ मे

ती. बाबांना प्राचीचा नमस्कार.

दर्शनाताई उद्या गावी निघतेय, तिच्या हाती हे पाठवते. फोनवर आई शेजारी असते, म्हणून पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

कौलं चाळून झाली का? आईच्या गुडघ्यासाठी तेलाची बाटली सोबत दिलीय. इथे लिफ्ट पुन्हा बंद आहे. बाकी ठीक.

दुकानातलं थोडं सांगते. समोरच्या बिल्डिंगमधला हितेंद्र हल्ली फणसवाडीत आमच्या दुकानात नाणी विकायला आणतो. जुने पाव आणे. एका बाजूला राजाचं डोकं नेहमीसारखं, मागच्या बाजूला तेच डोकं उलटं, आत गेलेलं. टांकसाळीत एखादं नाणं साच्याला चिकटून राहिलं की पुढच्या नाण्यावर असा ठसा उठतो. क्वचित होणारी चूक, म्हणून हौशी लोक तिच्यामागे वेडे असतात. हे तुम्हाला माहीत आहे. मीच जेवताना समजावलं होतं.

"आजोबांच्या डब्यात सापडली," असं हितेंद्र म्हणतो. मी भिंग काढलं तर हसला. "मॅडम, तू तर घरची. किती बघशील? कर ना पास!"

"घरची म्हणजे कोणाच्या घरची?"

"अगं, एका गल्लीतले ना आपण!" म्हणाला आणि मागवलेला चहा न पिताच गेला.

पहिलं नाणं खोटं होतं. खऱ्या चुकीत मागची अक्षरं उमटतच नाहीत. इथे राजाच्या गालाखाली ती चेपलेली दिसत होती. म्हणजे चांगल्या नाण्यावर दुसरं नाणं ठेवून वाइसच्या जबड्यात आवळलेलं. त्या रात्री तुम्ही विचारलंत, "आज काय आलं दुकानात? कशावरून ओळखलंस?" मी सांगितलं. पुढच्या नाण्यावर अक्षरं आधीच घासून काढलेली होती. मग मी म्हणाले, घासलेल्या जागी तांबं जास्त चमकतं. त्यानंतरचं नाणं काळवंडलेलं आलं.

मुंबईत तुमच्यासारखे फिटर काय कमी आहेत, असं मी स्वतःला सांगत राहिले.

मग मी एक वाईट गोष्ट केली. तुम्ही गावी जायच्या आठवडाभर आधी तुम्हाला मुद्दाम खोटं सांगितलं, की खऱ्या चुकीच्या नाण्याची कड एका बाजूला घासलेली असते. असं काही नसतं, बाबा. कुठल्याच पुस्तकात नाही. मी ते दुसऱ्या कोणालाही सांगितलं नाही. हितेंद्रने तोंड दाखवलं, की मी मनात म्हणायचे, कड शाबूत असू दे.

काल त्याने आणलेल्या नाण्याची कड एका बाजूला घासलेली आहे. इतक्या सफाईने, की मला हात ओळखता आला.

माझी नोकरी जाईल याची भीती आहेच. पण त्याहून जास्त दुसरंच खातंय. इतकी वर्षं मी काय शिकते, काय करते, तुम्ही कधी विचारलं नाहीत. या दोन महिन्यांत रोज विचारलंत. मला वाटलं, तुम्हाला माझं काम आवडायला लागलंय. मी ताट वाळेपर्यंत सांगत बसायचे.

नाणी खोटी आहेत हे मी आमच्या शेटना, ॲलॉयशियस अंकलना, काल सांगून टाकलं. ते म्हणाले, "कोन करतो गो हे, पोरी? तुला ठावं हाय ना?" मी त्यांच्याकडे बघितलं नाही. गुरुवारी सांगते, एवढंच मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण कपाटाची किल्ली दर शनिवारी माझ्याकडे ठेवतात ती काल स्वतःच्या खिशात टाकली.

गुरुवारच्या आत तुम्ही या. अंकलना तुम्ही सांगितलंत, तर मी तुमच्या शेजारी उभी राहीन, ते काय बोलतील ते दोघं ऐकू. नाही आलात, तर मी एकटी जाऊन सांगेन. गप्प बसणं मला जमणार नाही, कितीही वाटलं तरी.

आईला मी काही कळवलेलं नाही. येताना तिला आणू नका.

तुम्ही याल, याचीही भीती वाटणारी
तुमची
प्राची