डावा पंख

मांजर्ली, बदलापूर
१८ नोव्हेंबर १९९६

तीर्थरूप सौ. वहिनीस,
श्रीपादचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. वेणूची गुडघेदुखी आहे तशीच आहे, आणि जीभही. तुमचं पत्र केव्हाच मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नका. कारण सांगितलं तर हसाल. मी पुन्हा विमान करायला घेतलंय.

हो, तेच. दादा आणि मी करायचो तसलं, बाल्सा लाकडाचं, वरून पातळ कागद चिकटवलेलं. अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालो आणि दिवसभर वेणूच्या पायात पायात करायला लागलो. "काहीतरी करा, नाहीतर देवळात जाऊन बसा," म्हणाली. मग उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेलो. त्या सिंधी दुकानदाराकडे ते लाकूड अजून मिळतं. "साईं, पोते के लिए लेताय क्या?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "भावासाठी." तोंडातून निघूनच गेलं.

तुम्हाला आठवत असेल, नकाशात एकच पंख काढलेला असतो, उजवा. डाव्यासाठी कागदाला तेल चोळायचं आणि तो उलटा करायचा, म्हणजे पलीकडून रेघा दिसतात. त्यापायी तुमची खोबरेलाची बाटली रिकामी व्हायची आणि बोलणी मला बसायची. उजवा पंख माझा, डावा दादाचा, ही आमची वाटणी कधी बदलली नाही.

तर मी दोन्ही पंख केले. जोडायला बसलो तर एकाचं तोंड पुढे, दुसऱ्याचं मागे. दोन्ही उजवेच! सगळी नोकरी मशीनवर काढलेल्या माणसाने ही चूक करावी? वेणू पोट धरून हसली. मी पुन्हा केला. तोही उजवाच झाला. या वेळी ती हसली नाही, आत निघून गेली.

तेव्हापासून टेबलाच्या डाव्या बाजूला कुणीतरी असतं. मी पॉलिशपेपर थांबवला, की पलीकडे घासल्याचा आवाज क्षणभर चालूच राहतो. आधी वाटलं, कान म्हातारे झाले. पण परवा दुपारी वेणूने चहाचे दोन कप आणून ठेवले, एक डावीकडे. ती स्वतः चहा घेत नाही. ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, आणि आम्ही दोघंही त्या कपाकडे बघत बसलो. वहिनी, भीती वाटली नाही. उलट बरं वाटलं, आणि मग त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली.

तुमचा प्रश्न मी टाळतोय, हे तुम्ही ओळखलं असेलच. चिमीच्या लग्नाची पत्रिका छापायला द्यायची आहे आणि दादाच्या नावाआधी 'कै.' लावायचं की नाही, ते मी सांगायचं. त्या पुरात तो रामभाऊंच्या म्हशी सोडायला पाण्यात उतरला. बाहेर येताना कुणी पाहिला नाही, नंतर काही सापडलंही नाही. बारा वर्षं झाली. दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकावी असं भटजी त्याच वर्षी सांगून गेले, तेव्हा मी "बघू" म्हणालो. त्या 'बघू'वर तुम्ही आजवर कुंकू लावत आलात. आणि आता लिहिता, "भाऊजी, रोज आरशासमोर खोटं बोलल्यासारखं वाटतं." ते वाचून मी लहान मुलासारखा रडलो. मला तो इथे हवा होता, म्हणून मी तुम्हाला तिथे अडकवून ठेवलं.

काल सकाळी नकाशाला तेल लावलं, उलटा केला, आणि डावा पंख मीच केला. दुपारभर घासत होतो. थांबलो, तर खोलीत दुसरा आवाज नव्हता. वेणूने एकच कप आणला.

क्रियेचा दिवस भटजींना विचारून कळवतो. अग्नी मी देईन. कुंकवाचं तुमचं तुम्ही ठरवा, कुणी बोललंच तर त्याला माझ्याकडे पाठवा. कन्यादानाला वेणू आणि मी बसू. चिमीला आशीर्वाद.

खालचं पहिलं अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घ्या. पत्रिकेतही तेच अक्षर छापायला सांगा.

कै. भगवंत यांचा धाकटा भाऊ,
श्रीपाद