चांगुणेच्या कहाणीतला हुंकार

आई, आज श्रावणी सोमवार. खालच्या मजल्यावरची सून दुपारी वर आली आणि म्हणाली, "आजी, पाच मिनिटं खाली येता का? कहाणी वाचायचीय. हे कामावर, सासूबाई गावाला, हुंकार द्यायला घरात कुणीच नाही." हातात मोबाइल, त्यातच कहाणी. मी म्हटलं, "मी हुंकार देत नाही." ती हसली. "अहो, नुसतं हं म्हणायचं असतं." मी म्हटलं, "तेच म्हणत नाही. तुझ्या त्या मोबाइललाच सांग हं म्हणायला, तो सगळ्याला हो म्हणतो." बिचारी तोंड पाडून गेली. मग मी दार लावलं, भरपूर कांदा घालून पोहे केले, सोमवारचे, मुद्दाम, आणि ते खाऊन तुला लिहायला बसले. तुला जाऊन कितीतरी वर्षं झाली. जिवंतपणी तुला पत्र लिहायची वेळ आली नाही, कारण आपण एकाच घरात राहत होतो आणि भाजीत मीठ आहे का नाही, यापलीकडे एकमेकींशी बोलत नव्हतो.

पंचवटीतलं ते स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. जमिनीत बसवलेलं दगडी उखळ, त्याच्या शेजारी तू, न्हालेली, केसांतून पाणी ठिबकतंय, मुठीत तांदूळ. समोर पाटावर ताई आणि मी, आमच्याही मुठीत तांदूळ. चिलयाची कहाणी तुला पोथी न उघडता येत होती. एक वाक्य सांगून तू थांबायचीस आणि आम्ही हं म्हणायचं. ऐकणाऱ्यानं हं म्हटलं नाही तर कहाणी देवापर्यंत पोचत नाही आणि कहाणी पोचली नाही तर उपास सोडता येत नाही, हा तुझा कायदा. राजाच्या दारी गोसावी येतो, हं. त्याला राजाच्या एकुलत्या एका मुलाचं मांस हवं असतं, हं. राणी चांगुणा मुलाला शाळेतून बोलावते, मारते, शिजवते, हं. गोसावी म्हणतो, मुंडकं बाजूला का ठेवलंस, ते उखळात घालून कांड, कांडताना गाणं म्हण, आणि डोळ्यांत पाणी आलं तर मी उठून जाईन. इथं तू उखळाकडे बघायचीस. त्याच उखळात तू शेंगदाण्याचं कूट करायचीस, आणि उपासाच्या दिवशी तेच कूट घातलेली खिचडी मला खायला लागायची. आणि शेवटी? जेवायला बसलेला गोसावी म्हणतो, ज्या घरात मूल नाही तिथं मी जेवत नाही, दारात जाऊन हाक मार. ती हाक मारते आणि मुलगा धावत येतो. हं. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे तेज यायचं ते तुझ्या दोन जिवंत मुलींकडे बघून कधी आलेलं मी पाहिलं नाही.

ताई एकोणीस वर्षांची होती. लहानपणी अंगावर काढलेल्या तापानं तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, जिना चढायचा नाही, उपास करायचा नाही. त्या श्रावणात तुझे महाराज आपल्याकडे उतरले. दूध पिता पिता ताईकडे बघून ते म्हणाले, "इंजेक्शन म्हणजे संशय, बाई. एका हातानं देवीला धरायचं आणि दुसऱ्या हातानं डॉक्टरला, असं चालत नाही. मुलीला निर्जळी सोमवार करू द्या, आणि मग वणीच्या गडावर न्या. अनवाणी." अण्णा फक्त एकदा बोलले. "डॉक्टरांनी इंजेक्शन चुकवू नका म्हटलंय." तू विचारलंस, "डॉक्टर मोठा की महाराज?" अण्णांनी चपला घातल्या आणि ते ऑफिसला गेले. कहाणीतला राजासुद्धा असाच असतो. सगळं घडत असताना तो पाटावर बसलेला असतो.

तो सोमवार. पाणीसुद्धा न घेतल्यानं ताई आतल्या खोलीत आडवी पडली होती, तिचा श्वास मला पाटावर ऐकू येत होता. समोर मी एकटी, तेरा वर्षांची. तू सांगत गेलीस, मी हं म्हणत गेले. तू उखळापर्यंत आलीस आणि थांबलीस. मी गप्प. तू परत ते वाक्य म्हणालीस. मी गप्प. "दातखीळ बसली का गं?" मी म्हटलं, "तिला रडायचं असेल तर?" "कुणाला?" "चांगुणेला. रडू आलं तर काय बिघडलं?" तू हात उगारलास, पण मुठीत तांदूळ होते म्हणून मारलं नाहीस. तेवढ्यात शेजारच्या काकू बेल घेऊन आल्या. अण्णा बाहेरून ओरडले, "अहो, द्या हो तुम्ही तरी तो हुंकार, ही सकाळपासून उपाशी आहे." काकू दारात उभ्या उभ्याच "हं हं" म्हणाल्या, कहाणी पुढे सरकली, चिलया धावत आला आणि तू जेवलीस.

दुसऱ्या दिवशी तू, ताई आणि काकू पहिल्या एसटीनं वणीला गेलात. मला म्हणालीस, शाळा बुडवायची नाही. निघताना ओटीची पिशवी ताईनं तुझ्या हातातून काढून स्वतःच्या खांद्याला लावली. "दे इकडं, तू दमशील," असं ती तुला म्हणाली. तुला. पुढचं मला काकूंनी सांगितलं, तू कधीच नाही. अर्ध्या पायऱ्यांवर ताई बसली, ओठ निळे पडले. कळवणकडची एक बाई खाली उतरत होती, डोक्यावर बोचकं, पोराला कडेवर घेतलेली. तिनं ताईच्या छातीला हात लावला आणि म्हणाली, "माय, पोरीचा दम लय चढलाय. वर नका नेऊ हिला, नाय पोचायची. चला, खाली धरून नेऊ, मी येते संगं." तू म्हणालीस, "देवी बघतेय." ती म्हणाली, "देवी कुठं पळून जातीय व्हय? पुढच्या साली ये की." तू ताईला म्हणालीस, "ऊठ." आणि ताई उठली.

आता तिथं वर जायला ट्रॉली झालीय. मी निवृत्त झाले त्या वर्षी एकदा गेले, बसले आणि वर पोचले. शेजारी एक जाडी बाई वेफर्स खात होती. देवीनं तिलाही दर्शन दिलं, माझ्यादेखत.

ताईला ज्या पायऱ्यांनी चढवलीस त्याच पायऱ्यांनी घोंगडीत घालून उतरवलीस. दारात आणली तेव्हा सगळी गल्ली रडत होती. तू रडली नाहीस. मी तुझ्या तोंडाकडे बघत उभी होते, आत्ता रडेल, आत्ता रडेल. तू पदर खोचलास आणि काकूंना विचारलंस, चहा ठेवलाय का कुणी.

सुतक फिटल्यावर महाराज आले. लोकांसमोर म्हणाले, "या घरात चांगुणा राहते." तुझी मान वर झाली, मी पाहिलं. मग पंगत बसली. तू पुरणपोळ्या केल्या होत्यास. एक पाट जास्तीचा मांडलास, ताईचा, भोवती रांगोळी घातलीस, ताट वाढलंस. मला वाटलं नैवेद्याचं असेल. मग तू हात पुसलेस, दारात गेलीस आणि ताईला हाक मारलीस. जेवायला ये म्हणून. रोज मारायचीस त्याच आवाजात, थोडी वैतागलेली. अण्णांचा घास हातातच राहिला. समोरच्या ओट्यावर खेळणारी पोरं थांबून तुझ्याकडे बघायला लागली. तू परत हाक मारलीस. महाराजांनी तूप मागितलं. तिसऱ्यांदा हाक मारून तू परत आलीस आणि त्यांच्याकडे बघितलंस. ते पोळी मोडत म्हणाले, "मनात कुठंतरी किंतु राहिला असेल, बाई." आणि तू त्यांना तूप वाढलंस.

त्याच संध्याकाळी मोरीपाशी भांडी विसळताना तू मला तो किंतु सांगितलास. हळू आवाजात, शिवी न देता. "त्या सोमवारी तू हं म्हणाली नाहीस. काकू म्हणाल्या, पण काकू परक्या. घरातलं माणूस म्हणालं नाही. म्हणून आली नाही ती." आणि विसळलेलं पातेलं माझ्या हातात दिलंस, पुसायला.

आणि मग शाळा. अण्णांच्या साहेबांच्या मुली जायच्या म्हणून मला कॉन्व्हेंटमध्ये घातलेलं. त्याच सहामाहीत सिस्टरनं अब्राहामाची गोष्ट सांगितली. देव सांगतो, मुलाचा बळी दे. म्हातारा पोराला घेऊन डोंगरावर निघतो, बळीची लाकडं पोराच्याच पाठीवर. मला ताईच्या खांद्यावरची पिशवी आठवत होती. म्हातारा सुरा उचलतो, आकाशातून हाक येते, थांब, झुडपात मेंढा अडकलेला असतो, आनंदीआनंद. मी हात वर केला. "सिस्टर, पोराच्या आईला विचारलं होतं?" वर्ग हसला. "देवाच्या आज्ञेत विचारायचं काय असते?" सिस्टर केरळची, मराठी तिला तेवढंच यायचं. मी म्हटलं, "आणि मेंढा आला नसता तर?" "मेंढा येतो. विश्वास असला की येतो." मी म्हटलं, "नाही येत." मला बाहेर उभं केलं. व्हरांड्यात उभी राहून मला एकदम कळलं की तुझी आणि सिस्टरची कधी भेट झाली तर तुमचं छान जमेल. तू तिच्या गळ्यातल्या क्रूसाला शिवून अंघोळ केली असतीस, पण जमलं असतं.

पुढे मी सिस्टरचं ते पुस्तक स्वतः वाचलं, वकिलासारखं. पोरगा बापाबरोबर डोंगर उतरला असं त्यात कुठं लिहिलेलं नाही. त्याची आई तर पुढच्याच प्रकरणात मरते, नवऱ्याशी एक शब्द न बोलता. पण मला राग त्या म्हाताऱ्याचा नाही येत, आई. तो क्रूर असेल, पण बहिरा नव्हता. थांब म्हटल्यावर थांबला. तुलासुद्धा थांब म्हटलं होतं. त्याला आकाशातून आणि तुला डोक्यावर बोचकं घेतलेल्या बाईच्या तोंडून. "पुढच्या साली ये की," इतकं सरळ. याहून स्पष्ट देव काय बोलणार होता? पण तुझा देव शुद्ध बोलणारा, पाटावर बसून दूध पिणारा. तो "लय" आणि "नाय" म्हणेल हे तुझ्या डोक्यातच आलं नाही. तुझी श्रद्धा कमी पडली असं महाराज म्हणाले. माझ्या मते तुझे कान कमी पडले.

मी सरकारी दवाखान्यात औषधं दिली, निवृत्त होईपर्यंत. खिडकीशी कुणी बाई म्हणाली की आमच्या बाबांनी गोळ्या बंद करायला सांगितल्यात, की मी अख्खी रांग ऐकेल इतकी तिला बोलायचे. माझ्याविरुद्ध तक्रारी जायच्या. जाऊ देत. तिकडे मी लोकांच्या मुलींची इंजेक्शनं चुकू दिली नाहीत, आणि घरी येऊन तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या तुझ्या तळहातावर ठेवल्या. त्या तू निमूट घेत होतीस. स्वतःच्या बाबतीत तुला संशय चालत होता.

शेवटच्या महिन्यात तुझं सगळं गेलं, फक्त ती कहाणी राहिली. दिवसातून कितीदा तरी सुरू करायचीस. सांभाळायला ठेवलेल्या मावशी पाय चेपता चेपता हं म्हणायच्या. उखळाशी आलीस की थांबायचीस आणि मान माझ्याकडे वळवायचीस. मावशी म्हणायच्या, "हं, आजी, हं. पुढं सांगा." तू म्हणायचीस, "तुझं नको. तिचं." मावशी मला म्हणाल्या, "द्या की हो ताई, काय तुमच्या खिशातून जातंय? म्हातारी अडकून पडलीय." मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. तुझी कहाणी तिथंच अडली, तू तशीच गेलीस. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. वाटेल म्हणून मी बरीच वर्षं वाट पाहिली.

हा कागद कुठं टाकणार? गोदेत टाकला तर निर्माल्य गोळा करणारा काठीनं बाहेर काढेल. कपाटात अंथरलेल्या कागदाखाली सरकवते, डांबराच्या गोळ्यांबरोबर.

एक मात्र सांगून ठेवते. तुम्ही गडावर होतात त्या दिवशी मी शाळेतून आले, काकूंच्या सासूकडून किल्ली घेतली आणि घर उघडलं. दप्तर न काढता उखळापाशी बसले. मुठीत तांदूळ घेतले. तुझी कहाणी पहिल्यापासून मीच सांगितली आणि मीच हं म्हणत गेले. उखळ आलं तेव्हा थांबले, आणि म्हटलं, हं. पोचलं की नाही कळेना, म्हणून मोठ्यानं म्हटलं. मग घसा बसेपर्यंत म्हणत राहिले. घरातल्या माणसाचा हुंकार दिला गेला होता, आई. त्यात काही कमी नव्हतं. हे मी तुला मोरीपाशी सांगितलं नाही आणि शेवटच्या महिन्यातही नाही. सांगितलं असतं, तर दोष द्यायला तुझ्याजवळ कुणीच उरलं नसतं.